यकृतातली चरबी आणि डाळीचे तुकडे

चरबी चढलेलं यकृत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर चरबी दिसतच नाही. दिसतात भोकं. मेणाच्या ठोकळ्यात बसवण्याआधी यकृताचा तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून काढावा लागतो, त्यात चरबी विरघळून जाते. पेशीत उरते गोल, पांढरी पोकळी आणि कडेला रेटलेलं केंद्रक. चरबीच बघायची तर तुकडा गोठवून कापायचा आणि ‘ऑइल रेड ओ’नं रंगवायचा. पॅथॉलॉजी शिकवण्यात माझी हयात गेली. हल्ली ओळखीपाळखीचे लोक सोनोग्राफीचा कागद पुढे करतात, त्यावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’. आणि विचारतात, “सर, ते सोयाबीनचं पेप्टाइड निघालंय म्हणे, घेऊ का?”

याचं उत्तर मी टोरोंटोच्या कुत्र्यांपासून सुरू करतो. 1921-22 मध्ये इन्सुलिन हाती आलं आणि स्वादुपिंड काढलेली कुत्री त्यावर जगू लागली. पण काही महिन्यांनी तीही मरत, आणि यकृत चरबीनं भरलेलं निघे. खाण्यात कच्चं स्वादुपिंड घातलं की सुधारत. पुढे लेसिथिननंही तेच साधलं. 1932 मध्ये बेस्ट, हर्शी आणि हंट्समन यांनी दाखवलं की हा गुण लेसिथिनमधल्या कोलीनचा. दुधातलं केसीन चारलं तरी चरबी उतरते, हेही लवकरच कळलं. 1937 मध्ये टकर आणि एकस्टाइन यांनी त्यातल्या मेथिओनिनवर बोट ठेवलं. यकृतातली चरबी प्रथिनाच्या वेष्टनात बांधली गेली तरच रक्तात उतरते, आणि ते वेष्टन घडवायला हेच घटक लागतात. बारदान संपलं की माल गोदामातच तुंबतो.

या चरबीचं दारूशी असलेलं नातं डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. पण खाण्याशी जोडलेलं यकृतातल्या चरबीचं शास्त्र उभं राहिलं ते उपासमारीवर. सिसिली विल्यम्स यांनी 1930च्या दशकात गोल्ड कोस्टमधल्या (आजच्या घानातल्या) मुलांत क्वाशिओरकोर हा कुपोषणाचा आजार वर्णिला: पाय सुजलेले, कातडी सोललेली, यकृत चरबीनं सुजलेलं. औषध होतं दूध. आपल्याकडे दूध आणायचं कुठून? म्हैसूरच्या सीएफटीआरआयनं 1950च्या दशकात तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ आणि हरभऱ्याचं पीठ मिसळून ‘मल्टिपर्पज फूड’ केलं. 1972च्या दुष्काळात वाटलेली सुकडी आमच्या पिढीला आठवते, तीही मला याच पंक्तीतली वाटते. शेंगदाण्याचा एक काळा पदरही सांगायला हवा. 1960 मध्ये इंग्लंडात बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. ते विष बसतं थेट यकृतावर.

मग वारं फिरलं. 1980 मध्ये मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी दारू न पिणाऱ्या 20 रुग्णांची यकृतं तपासली. चित्र मात्र दारुड्याच्या यकृताचं. बहुतेक रुग्ण लठ्ठ. आता रोग अतिखाण्याचा झाला होता.

पेप्टाइडवाले येतात ते इथे. सोयाबीन, मका, तांदूळ यांची प्रथिनं विकरांनी कापायची आणि छोटे तुकडे, म्हणजेच पेप्टाइड, वेगळे काढायचे. काही तुकड्यांतले टायरोसिन, हिस्टिडिन, सिस्टीन हे घटक मुक्त कणांना आवर घालतात. कल्पना वेडगळ नाही. यकृताचं स्वतःचं मुख्य कवच, ग्लुटाथायोन, हेही तीनच अमिनो आम्लांचं पेप्टाइड. हॉपकिन्सनी 1921 मध्ये ते यीस्टमधून वेगळं काढलं होतं. अडचण पुढे आहे. परीक्षानळीत चमकणारा तुकडा तोंडावाटे घेतला की पोट आणि आतडं त्याचे आणखी तुकडे करतात. दोन-तीन अमिनो आम्लांचे काही शाबूत आत शिरतात, बाकीचे साध्या डाळीसारखे पचतात. लुडविग यांनी वर्णिलेल्या आजारावर अमेरिकेत 2024 मध्ये मंजूर झालेलं पहिलं औषध, रेसमेटिरोम, पेप्टाइड नाहीच.

म्हणून कोणी असा शोधनिबंध दाखवला की मी आधी पाहतो, उंदरांना काय चारलं होतं. यकृतात चरबी चढवायचा एक सोपा मार्ग म्हणजे खाण्यातून मेथिओनिन आणि कोलीन काढून घेणं, टोरोंटोच्याच धड्याची उलटी बाजू. यकृत भरतं खरं, पण असा उंदीर आठवड्या-आठवड्याला वाळत जातो. कागद घेऊन माझ्याकडे येणाऱ्याचा पट्टा मात्र दरवर्षी एक भोक पुढे सरकलेला असतो.