दोन स्वातंत्र्यदिन आणि एक सर्वनाम

भारताचा पहिला स्वातंत्र्यदिन कोणत्या तारखेस पाळला गेला, हा प्रश्न आम्ही वर्गात अनेकदा विचारून पाहिला आहे. उत्तर इतक्या तत्परतेने येते की प्रश्नात काही गोम असेल अशी शंकाही कुणाला शिवत नाही. १५ ऑगस्ट १९४७. हे उत्तर चूक म्हणवत नाही आणि बरोबर म्हणायलाही जीभ रेटत नाही. १९३० ते १९४७ या काळातली आत्मचरित्रे, तुरुंगातून लिहिलेली पत्रे, वृत्तपत्रांचे जुने अंक वाचू लागले की 'स्वातंत्र्यदिन' हा शब्द भेटतो, आणि तिथे त्याचा अर्थ २६ जानेवारी असा असतो. विद्यार्थी तो शब्द वाचतात, मनात ऑगस्ट धरतात आणि पुढच्या ओळीत थंडीचा उल्लेख आला की गोंधळतात. शब्द तोच राहिला आणि त्याखालची तारीख सरकली. या सरकण्यात तारखेबरोबर आणखीही काही हलले, असे आम्हांस वाटते. ते साहित्याच्या अभ्यासकाच्या विशेष आस्थेचे आहे, कारण ते भाषेत दिसते.

डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. वसाहतीचे स्वराज्य ही मागणी मागे टाकून पूर्ण स्वराज्याचा ठराव तिथे झाला आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावीच्या काठी झेंडा उभारला गेला. पण स्वातंत्र्यदिन तो ठरला नाही. २ जानेवारी १९३० रोजी कार्यकारिणी बसली आणि तिने जानेवारीतला शेवटचा रविवार निवडला, म्हणजे २६ तारीख. पुढे जिला राष्ट्राच्या पंचांगात एवढे मानाचे स्थान मिळाले ती तारीख मुळात सुट्टीचा वार पाहून निवडलेली होती. कामकरी माणसाला सभेला येता यावे इतका साधा हिशेब त्यामागे दिसतो, आणि आम्हांला तो कोणत्याही शुभमुहूर्तापेक्षा अधिक भावतो.

त्या दिवशी काय करायचे, याविषयीच्या सूचना गांधीजींनी 'यंग इंडिया'तून दिल्या होत्या. आजच्या समारंभांना सरावलेल्या डोळ्यांना त्या विलक्षण वाटतील. गावोगाव झेंडा उभारावा, सभा भरवावी, प्रतिज्ञा लोकांच्या भाषेत वाचून दाखवावी आणि जमलेल्यांनी हात वर करून तिला संमती द्यावी. उरलेला दिवस सूतकताई, अस्पृश्यतानिवारण, हिंदू-मुस्लिम ऐक्य, दारूबंदी अशा कामात घालवावा. भाषणे मात्र करू नयेत. ज्या देशात सभा म्हटली की वक्ता आधी आणि श्रोते नंतर, तिथे ही अट किती अवघड गेली असेल! तरीही ती बऱ्याच अंशी पाळली गेली. कसल्याही भाषणांवाचून, शांतपणे आणि गांभीर्याने प्रतिज्ञा घेणाऱ्या त्या प्रचंड जनसमुदायांनी देशाची मनःस्थिती एका क्षणात उघड केली, अशी नोंद नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात केली आहे.

ती प्रतिज्ञा एक गद्यलेख म्हणून वाचण्याजोगी आहे. मसुदा प्रामुख्याने गांधीजींचा. तिच्यात मातेचे स्तवन नाही, हिमालय-गंगा नाहीत, पूर्वजांचा पराक्रम नाही. आहे तो हिशेब. हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न दिवसाला सात पैसे. भरमसाट करांपैकी वीस टक्के शेतकऱ्याकडून जमीनमहसूल म्हणून येतात, तीन टक्के मिठावरच्या करातून. हातकताईसारखे ग्रामोद्योग मोडल्यामुळे शेतकरी वर्षाचे निदान चार महिने रिकामा बसतो. जकात आणि चलनाचे धोरण असे की त्यात त्याच्यावर आणखी ओझे पडावे. आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक आणि आध्यात्मिक अशा चार कलमांखाली राज्यकर्त्यांवर ठेवलेले ते आरोपपत्र आहे. शेवटी त्या राज्याला यापुढे शरण राहणे हा मनुष्याचा आणि ईश्वराचा अपराध ठरेल असे सांगून, अहिंसेने, प्रसंगी कर न देऊन ते संपवण्याचा निश्चय केला आहे. तीन टक्क्यांचा तो मिठाचा कर त्या दिवशी किती श्रोत्यांच्या कानांत राहिला असेल, कोण जाणे. १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले तेव्हा अनेक जाणते लोकही मिठाचे नाव ऐकून गोंधळले होते. प्रतिज्ञा लक्ष देऊन ऐकणाऱ्याला त्यात तितकेसे नवल वाटले नसते.

आता सर्वनामाकडे येतो. प्रतिज्ञेचा कर्ता अनेकवचनी आहे. इंग्रजीत अशा अनेकवचनाला एकच शब्द आहे, हिंदीतही एकच. मराठीने मात्र इथे दोन वाटा ठेवल्या आहेत: ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला पोटात घेणारे 'आपण'. (गांधीजींच्या मायबोलीत, गुजरातीतही, हा भेद आहे, या लेखात आम्ही वापरतो ते संपादकी 'आम्ही' हा तिसराच प्रकार, त्याला या वादात घेऊ नये.) ही प्रतिज्ञा मराठीत उच्चारताना कोणते सर्वनाम साजेल? सभेतला कार्यकर्ता गावकऱ्यांशी बोलतो तेव्हा तो 'आपण' म्हणेल. पण हात वर करून सगळी सभा जेव्हा एकत्र बोलते, तेव्हा तिच्यासमोर सभेत नसलेला एक श्रोता उभा असतो: मुंबईतले, दिल्लीतले, लंडनमधले सरकार. त्याला उद्देशून बोलायचे तर 'आम्ही'च हवे. १९३० च्या स्वातंत्र्यदिनाचा प्राण आम्हांस या एका शब्दात दिसतो. त्या दिवशी लोक श्रोते नव्हते, वक्ते होते. श्रोता होते सरकार.

आणि सरकारने ऐकलेही, आपल्या पद्धतीने. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. दोनच आठवड्यांनी दुसरा स्वातंत्र्यदिन आला. कलकत्त्याचे महापौर असलेले सुभाषचंद्र बोस त्या दिवशी मिरवणुकीच्या अग्रभागी लाठ्या खाऊन अटकेत गेले, आणि त्याच दिवशी गांधीजी येरवड्यातून सुटले. पुढची वर्षे बंदी, लाठ्या, अटक यांची. १९४० साली प्रतिज्ञेत खादी आणि नियमित सूतकताईची कलमे घातली गेली तेव्हा समाजवादी गटातल्या अनेकांना ते रुचले नाही. प्रतिज्ञेच्या मजकुरावरून भांडण होते याचाच अर्थ ती अजून जिवंत होती.

१५ ऑगस्ट ही तारीख अशी घडलेली नाही. ॲटलींनी फेब्रुवारी १९४७ मध्ये सत्तांतरासाठी जून १९४८ ची मुदत सांगितली होती. माउंटबॅटन यांनी ती जवळजवळ दहा महिने अलीकडे ओढली आणि ४ जूनच्या पत्रकार परिषदेत १५ ऑगस्टचे सूतोवाच केले. जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वर्धापनदिन म्हणून आपण ती तारीख निवडली, असे त्यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितले. म्हणजे आपला स्वातंत्र्यदिन हा एका परकीय सेनापतीच्या आठवणीतला विजयदिन! ज्योतिष्यांना तो दिवस अशुभ वाटला, म्हणून संविधान सभा १४ तारखेच्या रात्री बसवून मध्यरात्र साधण्यात आली. नेहरूंचे ते भाषण सर्वांना ठाऊक आहे. त्याच रात्री सभासदांनी एक प्रतिज्ञा घेतली, तिची आठवण मात्र फारशी कुणाला नसते. देशाच्या सेवेला स्वतःला वाहून घेण्याची ती प्रतिज्ञा एकवचनी होती. 'मी', या सभेचा सभासद. बाहेर रस्त्यांवर लोटलेली गर्दी त्या 'मी'त नव्हती.

ती गर्दी दुसऱ्या दिवशी प्रिन्सेस पार्कमध्ये घुसली आणि तिने शिस्तबद्ध कार्यक्रमाची पार वाट लावली. लाल किल्ल्यावर झेंडा चढला तो १६ तारखेला, हे आता प्रश्नमंजूषेपुरते उरले आहे. सीमा नेमकी कुठे, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हते. रॅडक्लिफचा निवाडा १७ ऑगस्टला प्रसिद्ध झाला. तोवर मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा फडकत होता आणि खुलन्यात भारताचा. दोन्हीकडच्या लोकांनी दोन दिवस परक्या देशाचे स्वातंत्र्य साजरे केले. पाकिस्ताननेही पुढच्याच वर्षी आपला दिवस १४ ऑगस्टवर नेला, जरी १९४८ साली काढलेल्या त्याच्या पहिल्या टपाल तिकिटांवर १५ ऑगस्टच छापलेला आहे.

गांधीजी त्या दिवशी कलकत्त्यात बेलियाघाटाच्या हैदरी मंझिलमध्ये होते. त्यांनी उपवास केला, प्रार्थना केली, सूत कातले. याचा अर्थ 'निषेध' किंवा 'दुःख' असा लावण्याची प्रथा आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. पण १९३० च्या सूचना समोर ठेवून पाहावे. स्वातंत्र्यदिन असाच पाळायचा असतो, असे त्यांनीच सांगितले होते; सतरा वर्षांनी ते स्वतः तो तसाच पाळत होते, इतकेच. शिवाय महादेवभाई देसाई पुण्याच्या आगाखान महालात बंदिवासात वारले तो दिवसही १५ ऑगस्टचाच, १९४२ सालचा.

मराठी मुलुखापुरते बोलायचे तर १५ ऑगस्ट सर्वांचा नव्हताच. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली आणि लोकांना १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावे लागले. गोव्याला १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. परंतु याच गोव्याच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही झेंडा घेऊन पोर्तुगीज हद्दीत शिरले आणि गोळीबारात वीसाहून अधिक जण पडले. स्वतंत्र भारताच्या इतिहासात १५ ऑगस्ट हा २६ जानेवारीच्या जुन्या अर्थाने कधी पाळला गेला असेल तर तो पत्रादेवीसारख्या त्या नाक्यांवर. समोर ऐकणारे परके सरकार होते. 'आम्ही' पुन्हा खरे झाले होते. साने गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले तेही १५ ऑगस्टला, १९४८ साली. उत्सवाच्या दिवशी एक काम हाती घ्यावे, ही जुनी रीत त्यांच्या अंगात मुरलेली होती, असे म्हणायला हरकत नसावी.

संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले. ते पूर्णतः अमलात आणण्यासाठी दोन महिने थांबून २६ जानेवारी निवडली ती जुन्या स्वातंत्र्यदिनाचा मान राखण्यासाठी. तारीख परत आली आणि तिच्याबरोबर सर्वनामही: उद्देशिकेच्या मराठी पाठाचा पहिला शब्द 'आम्ही' आहे. पण श्रोता बदलला. ज्याला बजावून सांगायचे ते सरकार आता समोर नाही. हे लोक संविधान स्वतःलाच अर्पण करतात. मराठीच्या स्वभावाप्रमाणे इथे 'आपण' का नसावे, असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थिनीने विचारला होता. जगाला ऐकू जावे म्हणून, असे उत्तर आम्ही दिले. ते आम्हांला स्वतःला पुरते पटलेले नाही.

पुढचे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. १९५० ला अर्विन स्टेडियममध्ये संचलन झाले, पहिली काही वर्षे जागा बदलत राहिल्या, १९५५ पासून राजपथ पक्का झाला. २०२२ मध्ये त्याचे नाव कर्तव्यपथ झाले. ऑगस्टात ऐकायचे आणि जानेवारीत पाहायचे, अशी वाटणी झाली. १९३० साली ज्याला घरोघर, गावोगाव झेंडा लावा असे सांगितले होते, त्याच नागरिकाला स्वतंत्र देशात वर्षातले मोजके दिवस सोडले तर झेंडा लावण्याची मुभा नव्हती. ती २६ जानेवारी २००२ च्या ध्वजसंहितेने दिली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरच्या पॉलिएस्टरचा झेंडाही चालू लागला. १९४० च्या त्या खादीच्या कलमावरून भांडणाऱ्यांनी याला काय म्हटले असते, याचा तर्क वाचकांनी करावा. आणि शाळेत म्हणतात ती प्रतिज्ञा, पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये मुळात तेलुगूत लिहिलेली, पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली: शेकडो मुले ती एका सुरात म्हणतात, तरी तिच्यातला बोलणारा एकटा आहे. तिथे देश 'माझा' आहे.

या दोन दिवसांच्या मधली एक २६ जानेवारी सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही, १९४८ ची. दिल्लीत बिर्ला भवनातल्या प्रार्थनासभेत गांधीजी त्या दिवशी, मृत्यूच्या चार दिवस आधी, आज स्वातंत्र्यदिन आहे असेच म्हणाले. पाच महिन्यांपूर्वीचा ऑगस्ट जणू झालाच नव्हता. जे स्वातंत्र्य पाहिलेले नव्हते, हाताळलेले नव्हते, त्यासाठी लढताना हा दिवस पाळणे योग्य होते. आता ते हाताळून झाले आहे आणि आपला भ्रमनिरास झालेला दिसतो, तुमचा नसला तरी माझा झाला आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मग आज साजरे काय करायचे, हेही त्यांनी विचारले. भ्रमनिरास तर नव्हे. साजरी करायची ती आशा. सर्वांत वाईट ते मागे पडले असेल ही, आणि अगदी तळच्या खेडुताला आपण शहरांची चाकरी करायला जन्मलेलो नाही हे दाखवून देण्याच्या वाटेला हा देश लागला असेल ही. त्या खेडुताला त्यांनी हिंदी भूमीचे मीठ म्हटले.