मेजावरचे पोलाद : नित्य वापराच्या काट्या-चमच्यांची पारख आणि तिचा इतिहास

पंगतीत पाटावर बसून उजव्या हाताने जेवणाऱ्या समाजाला काट्या-चमच्यांची गरज फार काळ भासली नाही. पळी होती ती पूजेतील पंचपात्रापाशी. डाव, झारा आणि उलथणे होते ते चुलीपाशी. १८३४ सालापासून शर्तबंद मजुरांची जहाजे मॉरिशसच्या किनाऱ्याला लागू लागली आणि मुंबई बंदरातून आलेल्या कोकणच्या व देशावरच्या माणसांनी आपल्या जेवणाची रीतही बरोबर आणली. तवा आणि कराई हे शब्द बेटाच्या क्रिओल बोलीत रुजले, तर कुयेर, फुर्शेत आणि कुतो, म्हणजे चमचा, काटा आणि सुरी, ही तिन्ही नावे फ्रेंचांकडून त्या बोलीत आली. आज मराठी घरातील एकाच फडताळात या दोन्ही परंपरा शेजारी नांदतात. पितळेच्या समईची पारख आजीकडून नातीला मिळते. चमच्याची पारख मात्र बहुधा कोणाकडूनच मिळत नाही. दुकानात सारेच चमचे सारखे चकाकतात, आणि दोन वर्षांनी त्यांतील कित्येक वाकलेले, काळवंडलेले, डागाळलेले दिसतात. ही पारख कशी करावी हे समजण्यासाठी त्या धातूचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

काटा ही वस्तू युरोपातही फारशी जुनी नाही. टॉमस कोर्याट नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६११ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तात इटलीतील लोक मांस काट्याने धरून कापतात, याचे मोठे नवल नोंदविले आहे. त्याने स्वतः ही चाल उचलली, तेव्हा मित्रांनी त्याची थट्टा केली. हाच कोर्याट पुढे पायी मजल दरमजल करीत हिंदुस्थानात आला आणि १६१७ साली सुरतेस मरण पावला. म्हणजे हाताने जेवणाऱ्यांना असंस्कृत समजणाऱ्या पुढील काळातील साहेबांचे पूर्वज शिवजन्माच्या अवघी वीस वर्षे आधी काट्याला हसत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इंग्लंडात या धंद्याचे माहेरघर शेफील्ड. तेथील सुरीचा उल्लेख चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या काव्यात येतो. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथे कारागिरांचा संघ स्थापन झाला. उमेदवारांची शिकवणूक व मालाचा दर्जा यांवर नजर ठेवणे आणि प्रत्येक कारागिराची स्वतंत्र निशाणी नोंदविणे ही त्याची कामे होती. वस्तूवर ठसा असावा, म्हणजे ती वाईट निघाली तर जाब कोणाला विचारावा हे कळते, हे तत्त्व तेव्हापासूनचे आहे.

श्रीमंतांचे चमचे चांदीचे असत. चांदी अन्नाच्या आंबटाला दाद देत नाही, पण ती सर्वांना परवडत नाही. म्हणून १७४३ च्या सुमारास शेफील्डच्याच थॉमस बोल्सोव्हर याने तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून एकजीव करण्याची युक्ती शोधली. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले, आणि मध्यमवर्गीयांच्या मेजावर चांदीचा भास अवतरला. या मुलाम्याखाली बहुधा तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू असे. त्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात. नावात चांदी आहे, अंगात मुळीच नाही.

मुलाम्याचे मर्म मराठी गृहिणीला वेगळे शिकवावे लागत नसे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेण्याची वहिवाट तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होती. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथलाचा पातळ थर फिरविला की आमटी-कढी निर्धास्तपणे शिजविता येई. तो थर झिजला की चिंच, कोकम किंवा ताक धातूला लागे आणि पदार्थ कळके. कळकणे हा एक शब्द म्हणजे रसायनशास्त्राचा एक धडाच आहे. मुलाम्याच्या चमच्याचेही तेच होते. जेथे तो मेजाला टेकतो, त्या पाठीवर आणि टोकावर चांदी प्रथम झिजते व खालचा पिवळसर धातू डोकावू लागतो. सणासुदीला काढावयाचा चमचा मुलाम्याचा असण्यास हरकत नाही. रोजच्या घासाला मात्र आरपार एकच असलेला धातू पाहिजे.

असा धातू म्हणजे पोलाद. पण साध्या पोलादाची सुरी लिंबू कापताच काळी पडे. जेवणानंतर रोज विटेच्या भुकटीने ती घासण्यासाठी बड्या घरी नोकर ठेवावे लागत. मासे व फळे यांसाठी तर चांदीच्या पात्याच्या वेगळ्या सुऱ्या असत.

या चकाकीची खरी किंमत दुसरेच कोणी मोजीत होते. शेफील्डमध्ये सुऱ्या आणि काटे वाळूच्या दगडाच्या चाकावर घासले जात. काट्यांचे काम कोरड्या चाकावर होई आणि त्याची धूळ कारागिराच्या छातीत बसे. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील कामगारांविषयीच्या आपल्या ग्रंथात फ्रीड्रिख एंगल्स याने शेफील्डचे डॉक्टर नाइट यांच्या आधारे लिहिले आहे की, कोरड्या चाकावर काम करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षांचे असे. ओल्या चाकावर काम करणारे पंचेचाळिशीपलीकडे क्वचितच जात. याच वर्षांत मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत शर्तबंद मजूर राबत होते. मळेवाल्याच्या मेजावरील साखर आणि ती ढवळणारा चमचा, या दोहोंमागे अशी माणसे होती. एकमेकांना त्यांनी कधी पाहिले नाही. पण त्यांच्या वंशजांनी तरी वस्तू हाती घेताना त्यांचे स्मरण ठेवणे उचित होय.

न गंजणाऱ्या पोलादाच्या शोधकथेत हिंदुस्थानचाही एक धागा आहे. दक्षिणेतील लोहार मातीच्या मुशीत जे उत्कृष्ट पोलाद बनवीत, त्याला युरोपात वूट्झ म्हणत. १७९४ साली मुंबईहून डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. त्याचे रहस्य उकलण्याच्या ओढीने पुढे जेम्स स्टोडार्ट हा सुऱ्या-शस्त्रे बनविणारा कारागीर आणि तरुण मायकेल फॅरडे यांनी पोलादात निरनिराळे धातू मिसळण्याचे प्रयोग केले. त्यांचा पहिला वृत्तान्त १८२० साली प्रसिद्ध झाला. १८२१ साली फ्रान्समध्ये पिएर बेर्तिए याने क्रोमियम मिसळलेले लोखंड आम्लाला चांगले तोंड देते असे दाखविले आणि त्याच्या सुऱ्या कराव्या असेही सुचविले. परंतु त्या काळच्या मिश्रणात कार्बन फार राहत असे व धातू ठिसूळ होई. कल्पना योग्य होती. ती हाती येण्यास आणखी नव्वद वर्षे लागली.

ती हाती आणणारा हॅरी ब्रिअर्ली हा शेफील्डच्याच एका पोलाद वितळविणाऱ्या मजुराचा मुलगा. १८७१ साली जन्मलेल्या या मुलाची शाळा बाराव्या वर्षीच सुटली. कारखान्यात पडेल ते काम करीत तो स्वतःच्या अभ्यासाने रसायनज्ञ झाला. बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात, त्यासाठी टिकाऊ पोलाद शोधण्याचे काम १९१२ साली त्याच्याकडे आले. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने सुमारे १२.८ टक्के क्रोमियम व ०.२४ टक्के कार्बन असलेले पोलाद ओतले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी त्यावर आम्ल लावले, तर ते चढेना. व्हिनेगर आणि लिंबाचा रस यांनाही ते दाद देईना. बंदुकीसाठी आरंभिलेला शोध ब्रिअर्लीने स्वयंपाकघराकडे वळविला. नळीपेक्षा सुरीला त्याचा उपयोग अधिक, हे त्याने ओळखले.

गावातील जाणते कारागीर त्याला हसले. जुन्या पोलादाच्या रीतीने त्यांनी ते तापविले व विझविले, आणि धार काही येईना. न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक अशी त्याची थट्टा झाली. अखेर मोस्ले यांच्या कारखान्यातील अर्नेस्ट स्टुअर्ट याने खटपट करून योग्य उष्णता साधली आणि सुरी उतरली. ब्रिअर्ली या पोलादाला गंजरहित म्हणे. स्टुअर्टने व्हिनेगरमध्ये ते तपासून त्याला स्टेनलेस, म्हणजे निष्कलंक, हे नाव दिले. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्याच्या बेन्नो श्ट्राउस व एडुआर्ड माउरर यांनी क्रोमियमबरोबर निकेल मिसळलेले पोलाद सिद्ध केले होते. त्याची पेटंटे १९१२ ची आहेत. पुढे १९२४ साली शेफील्डच्या विल्यम हर्बर्ट हॅटफील्ड याने १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल हे प्रमाण बसविले. चमच्याच्या पाठीवर आढळणारे १८/८ व १८/१० हे आकडे त्या प्रमाणाचेच वंशज होत.

हे पोलाद का टिकते? क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी एक साय धरते. ओरखडा पडला तर ती पुन्हा आपोआप धरते. कल्हईवाल्याला पुन्हा बोलवावे लागत नाही. हवाच येथे कल्हई करते. निकेलमुळे चकाकी खुलते आणि आंबट-खारटाला तोंड देण्याची शक्ती वाढते.

या इतिहासातूनच निवडीचे नियम निघतात. रोजच्या चमच्या-काट्यांवर १८/१० किंवा १८/८ हा आकडा आणि करणाऱ्याचा ठसा पाहावा. १८/० म्हणजे निकेल नाही. तो माल स्वस्त असतो, पण डाग लवकर धरतो. १८/० ला चुंबक घट्ट चिकटतो, निकेलयुक्त पोलादाला जवळजवळ चिकटत नाही. तथापि निकेल महाग म्हणून काही ठिकाणी त्याऐवजी मँगनीज घालतात. तेही चुंबकाला फसविते, पण गंजाला तितके फसवीत नाही. म्हणून एकट्या चुंबकावर विसंबू नये. सुरीचा न्याय वेगळा आहे. १८/१० चे पोलाद तापवून कठीण करता येत नाही, म्हणून पाते सुमारे १३ टक्के क्रोमियमच्या, ब्रिअर्लीच्या जातीच्या पोलादाचे असते. त्याला चुंबक चिकटला तर तो दोष समजू नये.

मग हाताची परीक्षा. चमच्याची मान, म्हणजे दांडी जेथे वाटीला मिळते ती जागा, सर्वांत आधी वाकते. तेथे धातू भरीव असावा. दांडीची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास असली तर तो चमचा घट्ट भाताला डगमगत नाही. काट्याच्या दातांमधील कडा बोटाने चाचपाव्या. बाहेरून आरसा आणि आत खरखरीत असेल, तर घाईत उरकलेले काम आहे असे समजावे. सुरीची मूठ व पाते अखंड असणे उत्तम. जोड असेल तर त्यात फट नसावी.

निष्कलंक हे नाव असले तरी त्यालाही एक शत्रू आहे, तो म्हणजे मीठ. खारट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलेल्या चमच्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. कपडे शुभ्र करण्याच्या द्रवानेही तेच होते. समुद्राने वेढलेल्या बेटावर तर ही खबरदारी अधिकच हवी. जेवण होताच धुवावे, पुसून कोरडे करावे, लोखंडी काथ्याने घासू नये. एवढे केले तर तो चमचा घेणाऱ्याच्या नातवंडांपर्यंत पोहोचतो.

महाराष्ट्रातही स्वातंत्र्योत्तर काळात स्टीलने पितळेची जागा घेतली. जुने कपडे घेऊन नवे भांडे देणारी बोहारीण दारोदार हिंडली आणि कल्हईवाल्याची हाळी मंदावत गेली. मॉरिशसमध्येही समई, तांब्या आणि पळी देवघरात राहिली व रोजच्या मेजावर पोलाद आले. त्यात खेद मानण्याचे कारण नाही. ज्यांच्या पूर्वजांना वस्तू निवडण्याची मोकळीक नव्हती, पदरी पडेल त्यावर भागवावे लागे, त्यांच्या संततीने आज वस्तू पारखून घ्यावी आणि जपून वापरावी. सहा चकचकीत पण तकलादू चमच्यांपेक्षा तीन खरे चमचे बरे. नव्या सुनेला किंवा परगावी शिकावयास निघालेल्या मुलाला असा एखादा संच देताना त्याच्या पाठीवरील आकड्याचा अर्थही सांगावा, म्हणजे समईप्रमाणे चमच्याचीही पारख घरातल्या घरात पुढे जाईल.