सकळ लिपी : मराठीतील कुलूपबंद पोथ्यांची कथा

१/ कोल्हापूर जिल्ह्यातील मलकापूर. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर विशाळगड जहागिरीचा कारभार येथून चालू लागला. त्या काळचे मराठी दप्तर मोडीत असे. आज मोडीचा कागद अनेकांना गुप्त संकेतासारखा भासतो. परंतु मोडी उघडपणे शिकविली जाई. मुद्दाम मजकूर लपविण्यासाठी घडविलेली मराठी लिपी निराळी होती. #धागा

२/ तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथाचा उपदेश मराठीत केला. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' त्याच परंपरेतील आद्य गद्य. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरविले : सकळ, सुंदरी, अंक, वज्र इत्यादी. त्यांत सर्वाधिक प्रचार सकळ लिपीचा झाला. तिचे श्रेय रवळोबासांना दिले जाते.

३/ तत्त्व सोपे होते. मूळ अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह. भाषा मराठीच, पण अदलाबदलीची किल्ली ठाऊक नसलेल्यास सारे निरर्थक.

४/ ही किल्ली गुरूकडून शिष्याकडे जाई. म्हणून पोथी परक्या हाती पडली, तरी मजकूर सुरक्षित राही. पंथ पंजाबात व काबूलपर्यंत पोहोचला, तेथेही या मराठी पोथ्या जपल्या गेल्या.

५/ या गुप्ततेची किंमतही मोठी होती. शतकानुशतके पंथाबाहेरील वाचकांना हे वाङ्मय अज्ञात राहिले. जे वाचता येत नाही, त्याविषयी संशय आणि प्रवाद वाढले.

६/ विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पुढे वि. ल. भावे आदींनी ग्रंथ छापले आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभ नव्याने लिहावा लागला.

७/ अशी लिपी उलगडते, कारण अक्षर बदलले तरी त्याची वारंवारता बदलत नाही. नवव्या शतकात अल-किंदीने हेच सूत्र मांडले होते. १८८३ मध्ये केर्कहॉफ्सने म्हटले : पद्धत शत्रूस कळली तरी चालेल, किल्ली कळता कामा नये.

८/ आजची संगणकीय कूटपद्धती याच तत्त्वावर उभी आहे. मात्र ती वारंवारतेचा मागही ठेवत नाही. फाइलशेजारीच किल्ली ठेवली, तर कुलूप व्यर्थ. एकुलती एक किल्ली हरवली, तर मालकालाही फाइल कायमची बंद. महानुभावांनी किल्ली पोथीपासून दूर, पण एकाहून अधिक विश्वासू माणसांकडे ठेवली. म्हणूनच राजवाड्यांच्या आधीही पंथात 'लीळाचरित्र' वाचले जात होते.