अननसाचे भाऊबंद

अननस आपल्या ओळखीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो अमेरिकेतून हिंदुस्थानात आणला. नावही त्यांच्याबरोबरच आलं. पण त्याचे कितीतरी भाऊबंद जमिनीला पायच लावत नाहीत. अमेरिका खंडातल्या रानांत ते झाडांच्या फांद्यांवर राहतात. कुणी म्हणेल, ही तर बांडगुळं! तसं नाही. बांडगूळ आंब्याचा रस शोषतं. हे नुसते आधाराला बसतात. त्यांतला टिलँडसिया पानांवरच्या बारीक खवल्यांनी पाऊस नि दव पितो.

फ्लॉरिडातल्या मलफर्ड फॉस्टर या बागवानाला या कुळाचं वेडच लागलं. १९३९ साली पत्नी रसीन यांच्यासह ते ब्राझीलच्या रानांत शिरले. आणलेली रोपं त्यांनी वाढवली, त्यांचे संकर केले. १९५० साली अमेरिकेत अशा शौकिनांची संस्था निघाली. तिचे पहिले अध्यक्ष तेच.

पुढे हौसेचा बाजार झाला नि रानं ओरबाडली जाऊ लागली. ग्वाटेमालाकडचा रुपेरी, कुरळ्या पानांचा टिलँडसिया झेरोग्राफिका इतका उपसला गेला, की १९९२ साली आंतरराष्ट्रीय करारानं त्याच्या व्यापाराला लगाम घालावा लागला.

वास्तविक यांतली बहुतेक रोपं एकदाच फुलतात नि मरतात. पण त्याआधी केळीच्या मुनव्यांसारखे बुडाशी फुटवे देतात. ते वाढवावेत, वाटावेत. रानाला हात लावायचं कारण नाही. शिक्षकांनी शाळेच्या अंगणात मुलांकडून अननसाचा एक शेंडा लावून घ्यावा. हा धडा तिथंच शिकता येईल.