स्थूल निरीक्षण आणि काळाची दिशा

सूक्ष्म अवस्थांचे स्थूल गट पाडले म्हणजे एंट्रॉपीची वाढ समजते, हा विचार गिब्ज यांनी १९०२ च्या ग्रंथात सुचविला व पुढे एहरेनफेस्ट दांपत्याने तो स्पष्ट केला. असंतुलित यंत्रणांच्या अभ्यासात या स्थूलीकरणाची दुसरी बाजू उघड झाली : निरीक्षण स्थूल केल्याने एंट्रॉपीची निर्मिती कमी भासते, फार तर तेवढीच राहते, वाढून कधीच दिसत नाही.

लोणावळ्याजवळील वळवण तलावाचे उदाहरण घेऊ. १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाल्यापासून मावळातले हे पाणी पाचशेहून अधिक मीटर घाट उतरून तेथे जाते. दरवर्षी केवळ पावसाळ्याअखेरचीच पातळी टिपली, तर तलाव जणू स्थिर वाटेल; ती नोंदवही उलट वाचली तरी फरक कळणार नाही. महिनेवार नोंद मात्र उलट वाचता येत नाही, कारण तलाव भरतो झपाट्याने आणि ओसरतो संथपणे. काळाची दिशा तेथे प्रकट होते. तरीही नळांतील व टर्बाइनांतील घर्षणाची उष्णता याही नोंदीत उतरत नाही.

तात्पर्य, स्थूल नोंदीतून निघणारा आकडा ही खऱ्या व्ययाची केवळ खालची मर्यादा होय. त्यालाच पूर्ण हिशेब मानणे युक्त नव्हे.