सातासमुद्रांपलीकडची मावशी

श्रोतेहो, 'माय मरो पण मावशी जगो' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. आईमागे आईची माया लावते ती मावशी. आज मी तुम्हांला अशाच एका मावशीची आठवण सांगणार आहे. ही मावशी ना नात्याची, ना जातीची, ना धर्माची. आपल्या देशाचीसुद्धा नव्हे. तरीही तिचा आपल्या कोल्हापूरशी ऋणानुबंध आहे.

तुम्ही वारणाकाठची माणसं. घरात कुणाचं दुखणं वाढलं, की तुम्ही रोग्याला घेऊन कोल्हापूरला सी. पी. आर. मध्ये जाता. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असं त्याचं पुरतं नाव. पूर्वी त्याला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणत. त्या इस्पितळातल्या स्त्रियांच्या विभागावर १८८६ साली कोल्हापूर दरबारानं एका डॉक्टरीणबाईंची नेमणूक केली. बाईंचं वय अवघं २१ वर्षांचं. त्यांचं नाव डॉक्टर आनंदीबाई जोशी. त्यांना तुम्ही पाठ्यपुस्तकातून ओळखता. पण त्यांच्या मागे उभी राहिलेली मावशी कोण, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

गोष्ट सुरू होते ती कोल्हापुरातच. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. माणूस मोठा विक्षिप्त. बायकोनं शिकलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. आणि त्या ध्यासापायी ते तिच्याशी कठोरही वागत. कोल्हापुरात तेव्हा अमेरिकन मिशन होतं. वाइल्डर नावाच्या पाद्रीसाहेबांनी ते १८५२ च्या सुमारास सुरू केलं होतं. (पुढे याच मिशनचं काम तुमच्या शेजारी कोडोलीला आलं आणि तिथं त्याचं इस्पितळ उभं राहिलं.) गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापूरच्या मिशनऱ्यांकडे पत्र दिलं, की मला पत्नीला घेऊन अमेरिकेला जायचं आहे, तिला शिकवायचं आहे, काही मदत होईल का? पत्र वाइल्डरसाहेबांकडे गेलं. ते तोवर मायदेशी परतून एक मासिक चालवू लागले होते. त्यांचं उत्तर आलं, की आधी ख्रिस्ताचा स्वीकार करा. गोपाळरावांना ते मान्य नव्हतं. दार बंद झालं.

पण वाइल्डरसाहेबांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि तिथंच नशिबानं हात दिला. न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत हाताला लागलं ते मासिक चाळत बसल्या. त्यात हा पत्रव्यवहार होता. वाचून त्यांचं मन कळवळलं, आणि त्यांनी हिंदुस्थानातल्या त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं.

श्रोतेहो, कार्पेंटरबाई काही डॉक्टर नव्हत्या, मिशनरीही नव्हत्या. मुलाबाळांचा संसार करणारी एक बाई. पण पत्रामागून पत्रं जाऊ लागली. एकेक पत्र पोचायला कितीतरी आठवडे लागत. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. गोपाळरावांची बदली कलकत्त्याला झाली. तिथं आनंदीबाईंना डोकेदुखी आणि बारीक ताप यांनी ग्रासलं, तेव्हा मावशीनं अमेरिकेहून औषधं पाठवली. आणि या सगळ्या मायेला अट कसलीही नव्हती. ही गोष्ट मनात जपून ठेवा, कारण पुढचं सारं तिच्यावर उभं आहे.

मधल्या काळात आनंदीबाईंवर मोठा आघात झाला होता. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. तेव्हा आपल्या बायका मरण पत्करीत, पण पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नसत. बाई डॉक्टर तर मिळतच नसे. आपण डॉक्टर व्हायचं, हा निश्चय आनंदीबाईंच्या मनानं इथं घेतला.

फिलाडेल्फियाला स्त्रियांचं वैद्यकीय कॉलेज होतं. १८५० साली निघालेलं. तिथूनच शिकून क्लारा स्वेन नावाच्या मिशनरी डॉक्टरीणबाई १८७० साली उत्तरेत बरेलीला आल्या होत्या. आनंदीबाईंनी तेच कॉलेज धरलं. लोकांनी गिल्ला केला. धर्म बुडाला म्हणाले. तेव्हा १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात (हे श्रीरामपूर बंगालमधलं) भर सभेत उभं राहून त्यांनी सांगितलं, की मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. एप्रिलमध्ये त्या बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता. सोबत मिशनरी स्त्रियांची. जूनमध्ये न्यूयॉर्कचा धक्का लागला, तर मावशी न्यायला उभी!

तीन वर्षं पत्रांतून ओळख, आणि मग एका छपराखाली मुक्काम. विचार करा, आपल्या वाड्यात एखादी परदेशी मुलगी आली, ती आपल्या ताटातलं खात नाही, आपला देव मानत नाही, तर तिला आपण किती दिवस ठेवून घेऊ? आनंदीबाई शाकाहारी राहिल्या, साडीत राहिल्या, आणि मावशीनं त्यांना तशाच आपल्या घरात सामावून घेतलं.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम. डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. पण थंडीनं, कष्टानं शरीर पोखरलं होतं. कोल्हापूरच्या नोकरीचा हुकूम हाती घेऊन नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या, त्या क्षय घेऊनच. आल्बर्ट एडवर्डच्या वॉर्डात त्यांचं पाऊल पडलंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. बाविसावं वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं.

आता सांगतो ती गोष्ट ऐका. आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेला मावशीकडे पाठवण्यात आल्या. कार्पेंटरबाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पुकीप्सी गावी, आपल्या माहेरच्या माणसांच्या स्मशानभूमीत ठेवल्या, आणि वर दगड उभा केला. तो दगड आजही तिथं आहे. ख्रिस्ती घराण्याच्या मृतांमध्ये आपली हिंदू लेक विसावली आहे. घरची लेक म्हणून.

मिशनरी मंडळींना नावं ठेवावीत म्हणून मी हे सांगत नाही. दवाखाने त्यांनी काढले, साथीत ती माणसं राबली. शेजारच्या मिरजेला वान्लेससाहेबांनी १८९४ साली इस्पितळ उघडलं, त्याचा उपकार हजारो घरांवर आहे. मावशीला आनंदीबाईंचा पत्ता लागला तोही मिशनच्या मासिकातूनच. पण एकानं मदतीआधी अट घातली, आणि दुसरीनं मदत केली, अट घातलीच नाही. आनंदीबाईंना अमेरिकेपर्यंत पोचवलं ते या दुसरीनं.

आनंदीबाईंची जागा पुढं ओस राहिली नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयानं शिकलेल्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर यांनी त्याच इस्पितळात बायकांची सेवा केली. आज गावोगावच्या मुली डॉक्टर होतात, नर्स होतात.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी एक विनंती आहे. वर्गात आनंदीबाईंचा धडा शिकवाल, तेव्हा मावशीलाही विसरू नका. डॉक्टर होणं सगळ्यांना जमेल असं नाही. पण आपल्या गावातल्या एखाद्या हुशार, गरीब मुलीला, ती कुठल्या घरची ते न विचारता, चार आपुलकीच्या ओळी लिहिणं, जमलं तर तिच्या पुस्तकांची सोय पाहणं, हे तुम्हांआम्हांला जमेल. दाताच्या दवाखान्यात पाळीची वाट बघत बसलेल्या एका बाईला ते जमलं होतं.