लिंकन–डग्लस वादविवाद

लिंकन–डग्लस वादविवाद : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्यात सीनेटच्या जागेसाठी १८५८ साली झालेल्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार अब्राहम लिंकन (१८०९–६५) व डेमॉक्रॅटिक पक्षाचा उमेदवार स्टीव्हन डग्लस (१८१३–६१) यांच्यात झालेले सात जाहीर वादविवाद. गुलामगिरीचा प्रसार हा त्यांचा प्रमुख विषय होता. अमेरिकेच्या राजकीय इतिहासात त्यांना दुहेरी महत्त्व आहे : एक, यादवी युद्धापूर्वीच्या वैचारिक संघर्षाचे ते सर्वांत स्पष्ट चित्र होय, आणि दोन, प्रतिस्पर्धी उमेदवारांच्या प्रचारतंत्राचा अभ्यास करण्यास त्यांच्याइतके तपशीलवार नोंदलेले उदाहरण त्या काळात क्वचितच आढळते.

पार्श्वभूमी : १८२० च्या मिसूरी तडजोडीनुसार लुइझियाना खरेदीतील ३६° ३०' अक्षांशाच्या उत्तरेकडील प्रदेशात, मिसूरी राज्य वगळता, गुलामगिरीस बंदी होती. डग्लसच्या पुढाकाराने संमत झालेल्या कॅनझस–नेब्रॅस्का अधिनियमाने (१८५४) ही बंदी उठविली व गुलामगिरी हवी की नको, हे त्या त्या प्रदेशातील रहिवाशांनी ठरवावे, असे ‘लोकसार्वभौमत्वा’चे तत्त्व पुढे आणले. त्याविरुद्ध उसळलेल्या असंतोषातून रिपब्लिकन पक्षाचा उदय झाला. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात निर्णय दिला, की काँग्रेसला प्रदेशांत गुलामगिरीस बंदी घालण्याचा अधिकार नाही. या निर्णयाने रिपब्लिकन पक्षाच्या धोरणाला धक्का बसला. पण डग्लसचे तत्त्वही त्यामुळे अडचणीत आले. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅनझसच्या गुलामगिरीधार्जिण्या लेकॉम्प्टन संविधानास डग्लसने विरोध केला आणि अध्यक्ष जेम्स ब्यूकॅननशी त्याचे उघड वैर जडले. परिणामी पूर्वेकडील काही रिपब्लिकन पुढाऱ्यांना डग्लस जवळचा वाटू लागला. इलिनॉयमधील रिपब्लिकनांना हे मान्य नव्हते. स्प्रिंगफील्ड येथील अधिवेशनात (१६ जून १८५८) त्यांनी लिंकनला आपला एकमेव उमेदवार म्हणून घोषित केले. सीनेटचे सदस्य तेव्हा राज्य विधिमंडळे निवडीत असल्याने अशी पूर्वघोषणा ही अपवादात्मक बाब होती. (सीनेटच्या प्रत्यक्ष निवडणुकीची तरतूद १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने झाली.) मतदार विधिमंडळाचे सदस्य निवडणार होते, तथापि त्यांच्यासमोर खरा प्रश्न लिंकन की डग्लस हाच होता.

वादविवादांची योजना : डग्लस हा सीनेटचा विद्यमान सदस्य व देशभर ख्याती पावलेला वक्ता, उलट लिंकनने प्रतिनिधिगृहाची एकच मुदत (१८४७–४९) पुरी केली होती. साहजिकच आरंभी लिंकन डग्लसच्या मागोमाग जाऊन त्याच्या सभेनंतर उत्तर देई. शिकागो येथे ९ जुलैला डग्लसचे भाषण झाले आणि दुसऱ्याच दिवशी लिंकनने त्यास उत्तर दिले. लिंकनला स्वतःचे श्रोते मिळत नाहीत, म्हणून तो दुसऱ्याच्या गर्दीवर जगतो, अशी टर विरोधी वृत्तपत्रांनी उडविली. तेव्हा २४ जुलै रोजी लिंकनने संयुक्त सभांचे आव्हान दिले. ते स्वीकारण्यात डग्लसचा लाभ नव्हता, कारण त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची प्रतिष्ठा वाढणार होती. पण नाकारल्यास भीतीचा आरोप आला असता. राज्यातील नऊ काँग्रेस मतदारसंघांपैकी, जेथे दोघेही आधीच बोलले होते ते शिकागो व स्प्रिंगफील्डचे मतदारसंघ वगळून, उरलेल्या सातांत प्रत्येकी एक सभा त्याने मान्य केली. पहिल्या वक्त्यास एक तास, दुसऱ्यास दीड तास व पुन्हा पहिल्यास अर्धा तास, असा क्रम ठरला. सातांपैकी चार सभांत आरंभ व समारोप डग्लसकडे राहिला. ऑटावा (२१ ऑगस्ट), फ्रीपोर्ट (२७ ऑगस्ट), जोन्झबरो (१५ सप्टेंबर), चार्ल्सटन (१८ सप्टेंबर), गेल्झबर्ग (७ ऑक्टोबर), क्विन्सी (१३ ऑक्टोबर) व ऑल्टन (१५ ऑक्टोबर) येथे या सभा झाल्या.

प्रचारतंत्र : इलिनॉयचा उत्तर भाग न्यू इंग्लंड व न्यूयॉर्ककडून आलेल्या वसाहतकारांचा व बहुतांशी रिपब्लिकन, तर दक्षिण भाग केंटकी, टेनेसी येथून आलेल्यांचा व डेमॉक्रॅटिक होता. निकाल मध्य भागातील जुन्या व्हिग मतदारांवर अवलंबून होता. दोघांचीही व्यूहरचना याच मतदारांसाठी होती.

डग्लसने लिंकनला कडवा गुलामगिरी–उच्छेदक व वर्णसमतावादी ठरविण्याचा सतत प्रयत्न केला. मतदानाचा हक्क केवळ श्वेतवर्णीय पुरुषांना असलेल्या आणि कृष्णवर्णीयांना राज्यात स्थायिक होण्यास १८५३ च्या कायद्याने मनाई केलेल्या राज्यात हा आरोप घातक होता. ऑटावा येथे त्याने रिपब्लिकनांच्या १८५४ मधील स्प्रिंगफील्ड अधिवेशनाचे म्हणून काही जहाल ठराव वाचून दाखविले. ते वस्तुतः दुसऱ्याच एका सभेचे निघाले आणि डग्लसची पंचाईत झाली. लिंकनचा प्रतिहल्लाही निर्दोष नव्हता. डग्लस, माजी अध्यक्ष पिअर्स, सरन्यायाधीश टॉनी व ब्यूकॅनन यांनी गुलामगिरी देशव्यापी करण्याचा संगनमताने कट केला, असे त्याने सूचित केले. त्यास ठोस पुरावा नव्हता. ब्यूकॅनन गटाने डग्लसविरुद्ध उभे केलेल्या उमेदवारांना रिपब्लिकनांनी आतून उत्तेजन दिले. डग्लस खास आगगाडीने तोफेची सलामी देत हिंडे, तर लिंकन सामान्य डब्यातून प्रवास करी. या विरोधाचाही प्रचारात उपयोग झाला.

फ्रीपोर्ट येथे लिंकनने डग्लसला पेचात टाकणारा प्रश्न विचारला : राज्य बनण्यापूर्वी एखाद्या प्रदेशातील जनतेला कायदेशीर मार्गाने गुलामगिरी वगळता येते काय? नाही म्हटल्यास लोकसार्वभौमत्व फोल ठरे. होय म्हटल्यास दक्षिणेचा रोष ओढवे. स्थानिक कायद्यांचे संरक्षण नसेल, तर गुलामगिरी कोठेही टिकू शकत नाही, असे उत्तर डग्लसने दिले. हेच ‘फ्रीपोर्ट तत्त्व’ होय. या प्रश्नाने डग्लसचे अध्यक्षपद हुकले, असे पुढे सांगितले जाई. परंतु हे मत त्याने पूर्वीही मांडले होते व दक्षिणेचा विश्वास तो लेकॉम्प्टन प्रकरणातच गमावून बसला होता, असे डॉन फेरनबाकर प्रभृती इतिहासकारांनी दाखवून दिले आहे.

लिंकनच्या सुसंगतीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. शिकागोच्या भाषणात त्याने वंशभेदाची चर्चा सोडून देऊन सर्व माणसे समान असल्याचे तत्त्व अंगीकारण्याचे आवाहन केले होते. चार्ल्सटन येथे मात्र कृष्णवर्णीयांना मतदान, ज्यूरीतील स्थान वा श्वेतवर्णीयांशी विवाहाचा हक्क देण्यास आपण अनुकूल नाही, असे त्याने सांगितले. उत्तरेत एक व दक्षिणेत दुसरे बोलणारा उमेदवार, अशी टीका डग्लसने केली. रिचर्ड हॉफस्टॅटरने १९४८ मध्ये हाच आक्षेप पुन्हा मांडला. उलटपक्षी हॅरी जाफा याने १९५९ मध्ये लिंकनच्या मूलभूत भूमिकेचे समर्थन केले. सामाजिक समतेला नकार लिंकनने उत्तरेकडील ऑटावा येथेही दिला होता आणि तेथेच स्वकष्टाची भाकरी खाण्याच्या हक्कात कृष्णवर्णीय कोणाही माणसाच्या बरोबरीचा आहे, असेही बजावले होते. गेल्झबर्गपासून त्याने गुलामगिरी नैतिक दृष्ट्या अन्याय्य आहे की नाही, या एकाच प्रश्नावर भर दिला. डग्लसला ती मतपेटीने निकालात काढावयाची स्थानिक बाब वाटे. लिंकनला ती तशी वाटत नव्हती. दोघांतील खरे अंतर हेच होते.

वृत्तपत्रांची भूमिका : लघुलेखकांनी टिपलेली भाषणे रेल्वे व तारायंत्रामुळे देशभर पोहोचली. तथापि शिकागो प्रेस अँड ट्रिब्यून व शिकागो टाइम्स ही पक्षनिष्ठ वृत्तपत्रे आपल्या उमेदवाराचे भाषण घासूनपुसून, तर प्रतिस्पर्ध्याचे ओबडधोबड स्वरूपात छापीत. म्हणून हॅरल्ड होल्झर याने १९९३ च्या आवृत्तीत प्रत्येकाचे भाषण विरोधी पत्रातून घेतले.

निकाल व परिणाम : २ नोव्हेंबर १८५८ रोजी मतदान झाले. राज्य कोषाध्यक्षाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवारास सु. १,२५,०००, डग्लस गटाच्या उमेदवारास सु. १,२१,००० व ब्यूकॅनन गटास सु. ५,००० मते मिळाली. परंतु मतदारसंघांची जुनी विभागणी व विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहातील मुदत न संपलेले सदस्य यांमुळे विधिमंडळात डेमॉक्रॅटिक पक्षाचे बहुमत राहिले. ५ जानेवारी १८५९ रोजी डग्लस ५४ विरुद्ध ४६ मतांनी निवडून आला.

पराभवानंतर लिंकनने भाषणांची कात्रणे जपून ठेवली व १८६० मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी डेमॉक्रॅटिक पक्ष दुभंगला आणि अध्यक्षपदाच्या चौरंगी लढतीत लिंकन विजयी झाला. डग्लसला लोकमतात दुसरे स्थान मिळूनही निर्वाचकांची केवळ १२ मते पडली. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होताच डग्लसने जुने वैर विसरून संघराज्याच्या रक्षणार्थ लिंकनला पाठिंबा दिला. ३ जून १८६१ रोजी तो मृत्यू पावला. चार्ल्सटनच्या व्यासपीठावरून कृष्णवर्णीयांना मताधिकार नाकारणाऱ्या लिंकनने ११ एप्रिल १८६५ च्या आपल्या अखेरच्या जाहीर भाषणात त्यांच्यापैकी सुशिक्षितांना व सैनिकांना तो मिळावा, अशी इच्छा व्यक्त केली. तेराव्या घटनादुरुस्तीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुलामगिरी नष्ट झाली.